फोन चारायला नेणारे आबा

आमच्या मोहपाड्यात शेळ्यांबरोबर फोनही चारायला नेतात. मी इथे बदलून आले तेव्हा कुणीतरी हे सांगितलं, आणि मला वाटलं, नवी सिस्टर दिसली म्हणून थट्टा चाललीय. मी भडगावची, गिरणेकाठची. नोकरीची सुरुवातीची वर्षं धुळ्यात गेली आणि मग बदली झाली ती थेट साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पिंपळनेरच्याही पुढे डोंगरात. पहिल्या सकाळी आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर उभी राहून मी फोन डोक्यावर धरला, ओट्याबाहेर काढला, गोल फिरून पाहिलं. रेंज नावालाही नव्हती. तेवढ्यात एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. अंगात बंडी, डोक्याला विटका रुमाल, खांद्यावर खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, मागे शेळ्यांचा घोळका. हात पुढे करून म्हणाला, "फोन दे, सिस्टर. सांजले लई येसू." म्हणजे संध्याकाळी आणून देतो.

मी काय वेडी होते? फोन पर्समध्ये टाकला आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आठवडा उलटायच्या आत तालुक्याहून जीप आली, साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की लसीकरणाचे आकडे ऑनलाइन का भरले नाहीत, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळी मीच फोन हातात घेऊन दारात उभी. म्हातारा आला. मागच्या वेळचं एक अक्षर काढलं नाही. कमरेच्या पिशवीतून निळी चिंधी काढली, फोनला गुंडाळली आणि म्हणाला, "निळा तुन्हा." प्रत्येक फोनची चिंधी वेगळ्या रंगाची, माझा रंग निळा.

हे दिवल्या आबा. त्यांची घरातली बोली वेगळी, पण माझ्याशी ते आमच्या खानदेशी बोलीत बोलतात. थोडं त्यांचं, थोडं माझं, काम भागतं.

पाड्याच्या मागे टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एक सपाट खडक आहे आणि त्या खडकापाशी रेंज येते. खडकाच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. आबा सकाळी शेळ्या सोडताना घराघरातून फोन गोळा करतात. ज्याला जे लिहायचं, बोलून ठेवायचं, ते त्याने आदल्या रात्रीच फोनमध्ये भरून पाठवायचं बटण दाबून ठेवायचं. मेसेजशेजारी बारीकसं घड्याळ दिसत राहतं, म्हणजे तो अजून घरातच बसून आहे. आबा खडकापाशी पोचले की ही सगळी घड्याळं सुटतात. इकडचे मेसेज जातात, तिकडचे येतात, आणि पिशवी टुणटुण किणकिण करत अंगात आल्यासारखी वाजायला लागते. शेळ्या आधी बुजायच्या. आता पिशवी वाजली की त्या येऊन खडकाभोवती रवंथ करत बसतात. संध्याकाळी पिशवी खाली येते आणि ज्याचे त्याचे फोन ज्याच्या त्याच्या दारात. कुणाचा नवरा सुरतेला, कुणाचा पोरगा नाशकात, कुणाचं लग्न जमतंय, कुणाचं मोडतंय, सगळं त्या गोणीतून येतं. टॉवर येणार, टॉवर येणार, हे मी आल्यापासून ऐकते आहे. तोवर आमचा टॉवर आबाच.

हे सुरू कसं झालं तेही मला त्यांनीच सांगितलं. त्यांचा मुलगा धर्मेंद्र आणि सून दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. एकदा पोराने घरात ठेवलेला फोन आबांनी उगीच बंडीच्या खिशात घातला आणि टेकडीवर गेले. माथ्यावर पोचताच छातीशी काहीतरी ओरडायला लागलं. आबांनी घाबरून बंडीच काढून फेकली. बंडी गवतात पडून वाजतेय आणि आबा उघड्या अंगाने लांब उभे. मग जवळ जाऊन कान लावला तर आतून पोराचा आवाज. पडताना कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे. ही गोष्ट ते अजून सांगतात आणि सांगताना बंडी फेकूनही दाखवतात.

आबांचा एक नियम आहे. दुसऱ्याचा फोन उघडायचा नाही. चिंधी सोडायची नाही, वाजला तर उचलायचा नाही, उजेड दिसला तर बघायचं नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे बघूनही काही कळणार नाही, पण ते म्हणतात कळण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून कुणी आत जातं का? पाड्यात एकमेकांशी न बोलणारी घरं आहेत. त्यांचे फोन त्या गोणीत अंगाला अंग लावून असतात आणि आजवर कुणाची कुरकुर ऐकू आलेली नाही. बँकेत ठेवलेल्या दागिन्याची मला जेवढी खात्री नाही तेवढी त्या गोणीची आहे.

मला हा माणूस फार आवडतो. सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडलेली दिसेन.

आबांची नात सुनीता, म्हणजे सुनी. आईबाप सहा-सहा महिने उसाच्या फडावर, म्हणून ही पोर आबांनी वाढवली. तिला शेळीचं दूध पाजलं, तिच्या वेण्या घातल्या. त्या वेण्या वाकड्या असायच्या आणि आश्रमशाळेत पोरी हसायच्या, तरी सुनीने कुणाला त्या सोडू दिल्या नाहीत. त्यांच्या घराची एक रीत आहे. घरातलं कुणीही लांब निघालं की थोरला माणूस त्याच्याबरोबर गावच्या शिवेपर्यंत चालत जातो. तिथे एक उभा दगड आहे. जाणाऱ्याने दगडाच्या पलीकडे पाय टाकायच्या आधी थोरल्याने म्हणायचं, "ये." एवढंच. रडायचं नाही, उपदेश करायचा नाही. ते ऐकलं की माणूस निघतो. जिथे जायचं तिथल्या मातीला पाय टेकल्यावर मग म्हणून उपयोग नाही. सुनी आश्रमशाळेला गेली तेव्हा आबांनी म्हटलं, धुळ्याला नर्सिंगला गेली तेव्हा म्हटलं, सुट्टी संपवून जायची तेव्हा दर वेळी म्हटलं.

नर्सिंगला तिला मी लावलं. फॉर्म भरण्यापासून वसतिगृहापर्यंत मागे लागले. पोरगी हुशार निघाली, धुळ्यात नोकरी करता करता जर्मन भाषा शिकली आणि तिकडच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली. सगळं पक्कं झाल्याशिवाय आबांना सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. त्यांना उगीच घोर नको म्हणून. पण पासपोर्टच्या चौकशीला पोलीस पाड्यात आला आणि त्याने नेमकं आबांनाच गाठून विचारलं, तुमची नात परदेशी जाणार, तिच्यावर काही केस वगैरे आहे का?

झालं. आबा तडक उपकेंद्रात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"पोलीसले मालूम, तुले मालूम," ते म्हणाले, "माले नही मालूम."

"आबा, ती सोता सांगनार व्हती."

"कव्हय? इमानमा बसीसन?"

विमानात बसल्यावर सांगणार होती का, एवढं विचारून ते रुसले. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा म्हणजे लहान मुलाचाच, फक्त समजूत घालायला खाऊ चालत नाही. माझा फोन रोज नेत, रोज आणत, पण "निळा तुन्हा" एवढंसुद्धा म्हणेनात. सुनी निघायच्या आधी घरी राहायला आली. तिच्याशी जेवणापुरतं बोलले. आणि जायच्या सकाळी, नेहमीपेक्षा कितीतरी लवकर, अजून उजाडतही नव्हतं तेव्हा, शेळ्या घेऊन टेकडीवर निघून गेले. आम्ही सगळे सुनीला सोडायला शिवेवर गेलो. ती दगडापाशी थांबली. टेकडीकडे बघत राहिली. जीपवाल्याने हॉर्न वाजवला, परत वाजवला. शेवटी तिने दगडाला हात लावला आणि जीपमध्ये बसली. मला इतका राग आला होता की आबा समोर असते तर काय बोलले असते सांगता येत नाही.

मुंबईला पोचल्यावर तिने माझ्या फोनवर फोन केले. ते फोन टेकडीवर, गोणीत, निळ्या चिंधीत वाजले. आबांनी ऐकले आणि उचलले नाहीत. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "दुसराना फोन मी उचलत नही." वा रे नियम. नियमाच्या आड असं तोंड लपवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिच्या विमानाच्या दिवशी पिंपळनेरचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी लोकांना फोन बरोबर न्यायचे असतात, म्हणून आबा दुपारीच खाली येतात. माझा फोन आला. चिंधी सोडली तर सुनीचा मेसेज:

"सिस्टर, आज दुपारी उडतेय. विमानात इंटरनेट असतं म्हणे, म्हणजे वाटेतही मेसेज मिळेल. आपल्याकडे रात्रीची जेवणं होतील तेव्हा उतरेन. आबा काही बोलले का? मी दगडापाशी खूप वेळ थांबले होते."

मी चप्पल घातली आणि आबांचं घर गाठलं. ते भाकरी खात होते. मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. दारात दुकानदार भटू आपला फोन न्यायला आला होता, तो हसायला लागला. म्हणाला, आपल्या पाड्यात जमिनीवर रेंज नाही आणि विमानात कुठून येणार, पोरगी तुम्हाला बनवतेय. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने सूर्य उगवतो का म्हणून विचारलं.

"उच्चा चढं का रेंज येस," ते म्हणाले. "इमान टेकडीथून उच्चा ऱ्हास. तठे नही येनार ते मंग कोठे येनार?"

विमान टेकडीहून उंच, तर तिथे रेंज येणारच. भटूने आपला फोन उचलला आणि निघाला. खरं कारण वेगळं असेल, आकाशातल्या उपग्रहांचं वगैरे काही असेल, पण आबांचा हिशोब ऐकल्यावर मलाही तोच बरोबर वाटायला लागला.

मग मी माझ्या मुद्द्यावर आले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पोरीला शेळीचं दूध पाजलंत ते तिला दगडापाशी उभं करून ठेवायला का, इथपर्यंत गेले. आबा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आते काय फायदा? गयी ती."

"गयी नही," मी म्हणाले. "वाटवर शे."

त्यांनी तुकडा ताटात ठेवला.

"तिना पाय टेकना नही अजून?"

"इमानले कोठे जमीन ऱ्हास, आबा? रातले टेकनार."

ते उठले. मग बाहेर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, रुमाल नीट बांधला आणि माझ्यासमोर येऊन बसले. शिवेवर जायला निघावं तसे तयार होऊन. म्हणाले की त्या पोलिसाचा राग केव्हाच गेला होता. सकाळी टेकडीवर गेले ते रागाने नाही. दगडापाशी गेलो असतो तर तोंडातून "ये" आलंच नसतं, "नको जाऊ" आलं असतं, आणि ते ऐकून पोर थांबली असती. "मंग तिनी पुरी जिंदगी माले दोस लागता," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले. माझा सगळा राग तिथेच विरघळला. मी उगीच फोनशी चाळा करत बसले.

मी बोलायचं बटण दाबून फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. आबा घसा खाकरून म्हणाले, "सुनी. मी आबा. ये." पुढे बोला म्हटलं तर मान हलवली. रीतीत तेवढंच आहे. आवाजाशेजारी घड्याळ लागलं. आबांनी तो फोन घेतला, गोणीत न टाकता बंडीच्या खिशात ठेवला आणि उन्हातच टेकडीकडे निघाले. शेळ्यासुद्धा नेल्या नाहीत.

मी ओट्यावर बसून वाट पाहत राहिले. दिवस कलायला लागला तसे आबा उतरताना दिसले. दुसऱ्यांदा टेकडी चढून पावलं जड झाली होती. त्यांना काही वाचता आलेलं नव्हतं, पण फोन वाजलेला होता, आणि उत्तर लगेच आलं म्हणजे बरं असेल या आशेने ते खाली आले होते. सुनीचा मेसेज होता:

"सिस्टर, मी विमानात आहे. तुमचा आवाजाचा मेसेज दिसतोय पण उघडत नाही. इथे फुकटच्या इंटरनेटवर फक्त लिहिलेलं येतं आणि जातं. फोटो नाही, आवाज नाही, फोन नाही. काय आहे त्यात? आबा आहेत का?"

मी वाचून दाखवलं. आबांना पहिल्यांदा समजेचना. आवाज गेला, तिच्यापर्यंत पोचला, तिला तो दिसतो आहे, आणि तरी ऐकू येत नाही?

"फक्त अक्षरं जातस, आबा."

"मन्हाकडे अक्षर कोठे शे?"

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मी म्हणाले, त्यात काय, मी लिहिते. आबा ये म्हणतात, असं लिहून घड्याळ लावून देते, तुम्ही फक्त फोन वर न्या. रोज पाड्याचे लोक हेच तर करतात. आबांनी नाही म्हटलं. मी समजावलं. परत नाही म्हटलं.

"तू लिखशी ते तुन्हं व्हई," ते म्हणाले. "माले सोताले म्हननं पडी."

आता या माणसाला एवढ्या वेळात मी मराठी लिहायला शिकवणार कशी? बाहेर सावल्या लांब झालेल्या. माझ्या गुडघ्याने ती टेकडी केव्हाच सोडलेली, नाहीतर मी स्वतः गेले असते. मी चिडून टेबलाचा खण उघडला आणि खणात ते पेन दिसलं. पोलिओच्या डोसाच्या दिवशी बाळांच्या करंगळीवर जांभळी खूण करतो ना, ते. एकदा लागलं की अंघोळीनेही जात नाही. आबांनाही ते चांगलं माहीत होतं, कारण मागच्या मोहिमेत त्यांनी माझ्याकडून ते मागून घेतलं होतं आणि आपल्या करडांच्या कानात ठिपके देऊन ठेवले होते.

मी फोनवर लिहायची जागा उघडली आणि काचेवर ठिपके दिले. पहिला ठिपका य वर. तो दाबला की मात्रा जिथे येते तिथे दुसरा. तिसरा जरा लांब, पाठवायच्या बाणावर. मग त्यांच्या डाव्या तळहातावर मोठं "ये" काढलं.

"हाई ये शे?" त्यांनी तळहात डोळ्यांजवळ नेला.

"हाई ये शे. पहिला ठिपका, दुसरा ठिपका, मंग फोनवर असंच दिसाले पाहिजे. दिसनं का तिसरा."

त्यांनी बोटाने तळहातावरचं अक्षर गिरवलं. वरची आडवी रेघ, खालचं पोट, डोक्यावर वाकडा तुरा. परत गिरवलं. मी म्हणाले, इथेच दाबून टाका, घड्याळ लागेल, वर गेल्यावर आपोआप जाईल. तेही त्यांना नको होतं. शिवेवर म्हणायची गोष्ट घरात म्हणून ठेवत नाहीत, मघाशी ठेवली म्हणूनच ती अडली, असं त्यांचं म्हणणं. जिथून तिला पोचतं तिथेच म्हणायचं.

मग त्यांनी मला एक विचारलं. माझा फोन त्यांना उघडा न्यावा लागणार होता, चिंधीशिवाय. त्यात बघावं लागणार होतं, बोट लावावं लागणार होतं. "तुन्हं दार उघाडू का, सिस्टर?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

मी फोनचं कुलूप काढलं, उजेड विझणार नाही अशी सोय केली, आणि आबा त्या दिवशी तिसऱ्यांदा टेकडी चढायला लागले. फोन दोन्ही हातांत, भरलेलं दूध न्यावं तसा. म्हातारं शरीर. मध्येच थांबायचे, दम घ्यायचे, परत चालायचे. थंडीचे दिवस, अंधार भराभर पडत होता. थोड्या वेळाने माणूस दिसेनासा झाला आणि नुसता फोनचा उजेड टेकडीवर सरकताना दिसायला लागला. तो माथ्यावर पोचला. तिथे थांबला.

आणि थांबूनच राहिला. अक्षर एक, ठिपके तीन, काम चुटकीसरशी व्हायला हवं होतं. मी ओट्यावर उभी राहून मनातल्या मनात त्यांच्या बोटाला सांगत होते, पहिला, दुसरा, आबा, तिसरा. काचेवरचा ठिपका पुसला गेला का? भलतंच काही उघडलं का? चार्जिंग संपलं तर? पाड्यात चुली पेटल्या, भाकऱ्यांचा वास यायला लागला. आपल्याकडे जेवणं होतील तेव्हा उतरेन, असं सुनीने लिहिलं होतं, आणि लोक तर जेवायला बसायच्या बेतात होते. माझं सगळं लक्ष त्या एवढ्याशा उजेडाकडे.

मग तो उजेड हलला आणि खाली यायला लागला.

आबा ओट्याशी आले तेव्हा धापा टाकत होते. मी पाणी दिलं. पाणी पिताना त्यांनी उजव्या हातातला फोन सोडला नाही.

दाबलं का, म्हणून मी विचारलं, "दाबं का?"

"दाबं."

मी फोन घेतला आणि बघितलं. पडद्यावर माझ्या काल-परवाच्या सगळ्या गोष्टी वर ढकलल्या गेल्या होत्या आणि खाली नुसतं एकच होतं. ये. त्याखाली ये. त्याखाली ये. मी बोट सरकवत गेले तरी ते संपेना. पाड्याच्या सगळ्या घरांना पुरून उरतील इतके ये त्या माणसाने अंधारात एकट्याने उभं राहून, प्रत्येक वेळी तळहाताशी ताडून, एकेक करून विमानाकडे पाठवले होते.

मला हसू आलं आणि रडूही आलं. "आबा," मी म्हणाले, "रीतमा ते एकच शे ना?"

"एक हाकमा बकरीबी येत नही, सिस्टर," ते म्हणाले. "आन हाई ते नात शे."

सगळ्यात खाली, त्या रांगेच्या शेवटी, पलीकडून आलेली एक ओळ होती. ती माझ्या ध्यानात यायच्या आधीच आबांनी माझा हात धरला.

"तिना जबाब उना," ते म्हणाले. "माले मालूम शे. तू वाचू नको."

"तुम्हले कसं मालूम?"

आबांनी जांभळा तळहात माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट फोनच्या काचेवर, बरोबर त्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. सुनीने लिहिलं होतं, "येते आबा."

"हाई पहिलं अक्षर," आबा म्हणाले, "हाई मन्हं शे. तिनी लिधं."

माझं अक्षर तिने घेतलं, एवढं सांगून ते शेळ्या बांधायला घरी गेले. काचेवरचे ते तीन ठिपके मी अजून पुसलेले नाहीत. रोज सकाळी माझा फोन, कुलूप न लावता आणि सुनीचं पान उघडं ठेवून, निळी चिंधी गुंडाळून टेकडीवर जातो, आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा सुनीच्या नावासमोर एक ये जास्त असतो. चिंधीची गाठ मी बांधते त्यापेक्षा जरा घट्ट असते. मी त्यांना कधी काही विचारलेलं नाही.